काकांचं बेट

"बेटावर झालं, तर इथं काहून नाही होत, मले सांगा?" असं म्हणत शेजारचे काका आमच्या फाटकावर रिकामा डबा वाजवायचे. सकाळी सात वाजता. उत्तर त्यांना नकोच असायचं. हवा असायचा चहाचा चोथा.

रायपूरच्या आमच्या कॉलनीमागे कुठल्याशा कारखान्याने ओतलेल्या जळक्या कचऱ्याचा काळा ढीग होता. वारा सुटला की दोरीवरचे कपडे काळे व्हायचे आणि काकूंचा दमा उसळायचा. रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांनी कुठेतरी वाचलं, की समुद्रातल्या एका ज्वालामुखीच्या उजाड बेटावर माणसांनी जहाजातून रोपं नेऊन रान उठवलं. झालं! माणूस कामातून गेला. ते बेट आम्ही इतक्यांदा ऐकलं, की गोल बाजारापेक्षा त्याचे रस्ते जास्त पाठ झाले.

काकांचं जहाज म्हणजे सायकल. माती घरोघरच्या चोथ्यातून आणि शेणातून व्हायची होती. आम्ही चोथा साखरेसकट दिला. पहिल्या वर्षी ढिगावर मुंग्यांशिवाय काही आलं नाही. "काका, पीक जोरात आहे," मी म्हणालो.

"हसा. मुंग्या आल्या म्हणजे सुरुवात झाली," ते म्हणाले. "उद्यापासून चोथा धुऊन देत जा."

असा चिवट माणूस तुमच्याही शेजारी असेल; त्याला हसताना जरा जपून. सात-आठ वर्षांत ढिगावर कडुनिंब, करंज उभे राहिले. काकू तिथे खुर्ची टाकून बसायच्या आणि तासभर खोकायच्या नाहीत. काका लांबून नुसते बघायचे.

मग आम्हा शिकल्यासवरल्या लोकांना शोध लागला, की आपल्या गाड्या उन्हात तापतात. काळ्या ढिगाकडे ढुंकून न पाहणाऱ्यांची मीटिंग भरली. ठरलं असं, की झाडं काढायची, जागा सपाट करायची आणि गाड्यांना सावली म्हणून पत्र्याचं शेड टाकायचं. एवढी अक्कल एकट्यादुकट्याला सुचत नाही, त्याला कमिटीच लागते. अर्जावर तिसरी सही माझी होती.

मशीन दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी काका आले, डबा न घेता.

"तुमीबी सही केली?"

"हव," मी म्हणालो. "सगळ्यांनीच केली."

त्यांनी मान हलवली. बेटाचं नावसुद्धा काढलं नाही. मला लाज वाटली, अजून वाटते. महिन्याभरात खोकणाऱ्या काकूंना घेऊन ते दुर्गला मुलीकडे गेले.

आता माझी गाडी शेडखाली असते. पत्रा तापतो, काचेवर काळी धूळ बसते, ती मी रोज पुसतो. फाटक वाजत नाही म्हणून बायकोने चोथा धुणं सोडलंय. तो मीच डब्यात भरतो आणि शेडमागे उरलेल्या काळ्या कचऱ्यावर टाकून येतो, साखरेसकट. कोणी विचारलं तर फिरायला निघालो म्हणतो.

सध्या तिथे फक्त मुंग्या आहेत.