सोफा नासत नाही

खिळेवाल्याशी बोलायचं असेल तर आधी त्याचे गाल बघावेत. गाल फुगलेले असतील तर तोंडात खिळे आहेत, आणि तोंडात खिळे असताना समोर साक्षात ब्रह्मदेव येऊन उभा राहिला तरी हा माणूस 'हं'च्या पुढे जात नाही.

धंदा सोफे दुरुस्तीचा. जुना सोफा उलटा करायचा, त्याचं पोट फाडायचं, कुजलेला काथ्या, मेलेल्या स्प्रिंगा, दहा वर्षांत हरवलेले कंगवे, पेनं आणि एखादी कवळी बाहेर काढायची, नवा फोम भरायचा आणि वरून रेक्झिन ताणून ठोकायचं. एका हातात ताणलेलं रेक्झिन, दुसऱ्यात हातोडी. मग खिळा धरायचा कुठल्या हातानं? म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात. जीभ एकेक खिळा वळवून ओठांपर्यंत आणते, हातोडीचं चुंबकाचं टोक तो अलगद उचलतं, आणि ठक. बाकीच्या कारागिरांनी पिना मारायची बंदूक केव्हाच घेतली. हा म्हणतो, बंदुकीनं मारलेली पिन बंदुकीची, मी मारलेला खिळा माझा. या मिजाशीचे कुणी चार पैसे जास्त देत नाही, पण मिजास कुणाच्या पैशावर थोडीच चालते!

खिळे संपले की मात्र तोच माणूस तीन वकिलांएवढा बोलतो. बायको म्हणते, यांच्या तोंडात खिळे आहेत म्हणून संसार टिकला.

दुकान पिठाच्या गिरणीमागच्या बोळात. लांबट, अरुंद खोली, तीन बाजूंना भिंती, एका बाजूला दार, खिडकी नाही. दारात उलटे पडलेले सोफे आणि त्यांच्यावर वाकलेला खिळेवाला; सगळ्यात आत, बल्बखाली, जाड शिलाईचं मशीन आणि त्यावर बायको. कव्हरं ती शिवते. गिऱ्हाइकांना हल्ली काळ्याच रेक्झिनची हौस, म्हणजे काळ्यावर काळा दोरा, बल्बच्या पिवळ्या उजेडात. गेल्या वर्षभरात ती शिवण डोळ्यांनी नाही, बोटांनीच बघत होती. दोनदा सुई नखातून आरपार गेली. डॉक्टरनं डोळे तपासले आणि सांगितलं, चष्मा देतो, पण चष्म्यातून उजेड येत नाही.

म्हणून तिनं मोठ्या रस्त्यावरचा एक गाळा हेरून ठेवला होता. पूर्वेला तोंड, पुढचा अख्खा भाग उघडा. मालक ऐंशी हजार अनामत मागत होता आणि महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. ऐंशी हजार तिच्याकडे होते. ते कसे जमले हे विचारायची खिळेवाल्याची हिंमत नव्हती. चार वर्षं भाजीत तेल का दिसत नव्हतं, याचा मात्र उलगडा झाला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना बँक मध्ये आली.

मशीनसाठी तीन वर्षांचं कर्ज होतं. महिन्याला बावन्नशे. एकोणीस हप्ते गेले, एकही चुकला नाही. दोन तारखेलाच तो पैसे खात्यात भरून यायचा, म्हणजे तीन तारखेला बँकेनं हात घातला की खिसा भरलेला. विसाव्या महिन्यात हप्ता परत गेला. खात्यात बावन्नशे होते, बँकेला हवे होते अठ्ठावन्नशे पन्नास. वर पाचशे दंड, आणि भर म्हणून एक मेसेज, की आपण वेळेवर फेड केली नाही, याची नोंद घेण्यात आली आहे.

पैशापेक्षा ती नोंद त्याला जास्त झोंबली. एकतीस वर्षांच्या धंद्यात त्यानं कुणाचा काथ्यासुद्धा उधार ठेवला नव्हता. तो तसाच, अंगाला फोमचे कण लागलेले, बँकेत गेला. तिथं टोकन घेतलं, दीड तास बसला. बसायला दिलेल्या सोफ्यात भुसा भरलाय हे त्याला बुडानंच कळलं. एका खिडकीनं त्याला दुसरीकडे धाडलं, दुसरीनं वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यानं सोमवारी या म्हणून सांगितलं. सोमवारी साहेब रजेवर. गुरुवारी सिस्टम बंद. त्यानंतरच्या खेपेला सिस्टम चालू, पण ज्यांना ती चालवता येते ते जेवायला गेलेले. गरिबाचा अर्धा दिवस बँकेला रद्दीच वाटतो. या प्रकारात त्याचे तीन सोफे रखडले आणि एका गिऱ्हाइकानं सोफा उचलून दुसरीकडे नेला.

पाचव्या खेपेला कर्जाच्या टेबलावरच्या मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "काका, तुम्ही विमा घेतलाय. साडेसहाशे त्याचे."

त्यानं विचारलं, कसला विमा? मॅडमनी वाचून दाखवलं. शीतगृहात ठेवलेला माल वीज गेल्यामुळे नासला, तर त्याची भरपाई.

खिळेवाल्यानं बाहीवरचा फोमचा कण झटकला. मग म्हणाला, "मॅडम, सोफा नासतो का?"

मॅडम म्हणाल्या, ते मला माहीत नाही, पण तुम्ही होकार दिलाय आणि आमच्याकडे तो आवाजासकट आहे. आणि त्यांनी आवाज लावला. सगळी रांग ऐकत होती. एक मुलगी गोड गळ्यानं, श्वास न घेता बोलत होती: सर, आपल्या व्यवसायासाठी खास योजना, हप्त्यातच सोय, वेगळे कागद नाहीत. मागं ठक, ठक. आपल्याला माहिती मिळाली ना सर? "हं." ठक. योजना सुरू करू ना सर? "हं." ठक, ठक. आपण सहमत आहात ना सर? "हं." धन्यवाद सर, आपला दिवस शुभ जावो.

रांगेतला एक जण फिसकन हसला. खिळेवाल्याचे कान तापले. त्यानं सगळं समजावून सांगितलं: तोंडात खिळे होते, बोललो असतो तर गिळले असते, फोन खांद्यात धरलेला, ती पोरगी थांबेचना, आपलं 'हं' म्हणजे 'ऐकतोय, आटप लवकर'. मॅडमनी शांतपणे ऐकलं. बाई वाईट नव्हती. तिच्याही डोक्यावर, महिन्याला एवढे विमे खपलेच पाहिजेत म्हणत, कुणीतरी बसलेलंच होतं. ती म्हणाली, सिस्टममध्ये तीनच खाने आहेत. सहमत, असहमत आणि नंतर फोन करा. तोंडात खिळे, असा खाना नाही.

रद्द करा म्हटलं तर मुदत तीस दिवसांची, आणि होऊन गेले होते एक्केचाळीस. गरिबाच्या 'हं'ला लगेच कायद्याचं बळ येतं. त्याच्या 'नाही'ला मात्र अर्ज लागतो, आणि अर्जाची मुदत नेहमी काल संपलेली असते.

"मग हा विमा संपणार कधी?"

"कर्ज संपेल तेव्हा, काका. कर्ज बंद, विमा बंद."

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात कर्ज बंदही झालं होतं. बायकोला त्यानं सांगितलं, सगळे पैसे एकदम त्यांच्या तोंडावर फेकायचे आणि या लोकांचं तोंड पुन्हा बघायचं नाही. तिनं पायडलवरचा पाय उचलला नाही. कव्हराची बाजू पूर्ण शिवली, दोरा दातानं तोडला आणि मग विचारलं, सगळे म्हणजे कुठले?

तो गप्प बसला. तोंडात एकही खिळा नसताना.

तिचा हिशोब पक्का होता. परत गेलेला हप्ता दंडासकट भरला, आता सोळा राहिले, साडेसहाशेच्या हिशोबानं विम्याचे दहा हजार चारशे जातील. आत्ताच फेडलं तर ते वाचतील, वर थोडं व्याजही वाचेल. "आकड्यात तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मला आकडे शिवायचे नाहीत. महिन्याला साडेसहाशे देऊन मी तुमचा राग विकत घेते. आता तो माझा झाला. गप्प ठेवा त्याला एका कोपऱ्यात."

त्याला तिची बोटं दिसत होती, सुईनं टोचून टोचून काळी पडलेली. माणूस तापट होता, पण आंधळा नव्हता. त्यानं विषय सोडला. दुसऱ्या दिवशी मात्र तो असे खिळे ठोकत होता की गिरणीवाला डोकावून विचारून गेला, सोफा मारायला घेतलाय का?

चार दिवसांनी तीच म्हणाली, मी जाऊन बोलते. तुम्ही भांडायला जाता, म्हणून काम होत नाही. माणसाशी माणसासारखं बोललं की माणूस ऐकतो. धुतलेली साडी नेसून, नवऱ्याला तोंड न उघडायची ताकीद देऊन, त्याला मागं घेऊन ती बँकेत गेली.

आणि खरोखर गोड बोलली. टोकन घेतलं, मॅडमना नमस्कार केला, चूक दोन्हीकडून झाली असंसुद्धा म्हणाली, जे तिनं लग्नानंतर नवऱ्याला एकदाही म्हटलं नव्हतं. मॅडमनी पडद्यावर नाव शोधलं. मग म्हणाल्या, मावशी, तुमचं नाव यात कुठंच नाही, आम्ही कर्जदाराशीच बोलू शकतो.

"कर्ज कशावर आहे?"

"मशीनवर."

"आणि मशीनवर कोण आहे?"

मॅडम म्हणाल्या, ते आमच्याकडे नसतं. तोपर्यंतही खिळेवाल्याच्या बाईंनी तोल सोडला नव्हता. गाळ्याचं बोलण्यात आलं, अनामतीचं आलं, आणि आतल्या काचेच्या खोलीतले मॅनेजर स्वतः उठून बाहेर आले. त्यांना वास बरोबर लागला होता. ते म्हणाले, अनामतीला स्वतःचे पैसे कशाला मोडता? आम्ही नवं मोठं कर्ज देऊ, जुनं त्यातच मिळवून टाकू, पाच वर्षांची सोय. विमा तेवढा नव्यानं करावा लागेल.

बाईंनी मॅनेजरकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्यात काय नासायचं?"

मॅनेजर हसले. चांगल्या ग्राहकांशी हसतात तसं. आणि नवऱ्याकडे वळून म्हणाले, घरच्यांना या गोष्टी चटकन कळत नाहीत, तुम्ही समजावून सांगा.

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

बाई उठल्या. पूर्ण फेडायचं झालं तर किती, एवढंच विचारलं. मॅनेजर म्हणाले, असं एकदम सांगता येत नाही, अर्ज द्यावा लागतो, आकडा काढायला तीन दिवस लागतात, मुदतीआधी फेडल्याबद्दल शुल्क पडतं. खिळेवाल्यानं ताकीद मोडून कानात कुजबुजलं, राहू दे, गाळा जाईल. तिनं त्याला नजरेनंच बसवलं. "कर्ज देताना अर्ध्या तासात आकडा काढला होता," ती म्हणाली. "मी घरी जाऊन येते. तेवढ्यात काढून ठेवा."

घर गाठून, पैसे घेऊन ती परत आली तेव्हा आकडा निघाला होता: शुल्क धरून सत्त्याहत्तर हजार सहाशे. नोटा रेक्झिनच्या तुकड्यातून शिवलेल्या पिशवीत होत्या. खिळेवाला शेवटपर्यंत तिचा हात धरायला बघत होता. या सगळ्या भानगडीला सुरुवात करणारा माणूस आता, चल, नंतर बघू, म्हणत होता आणि ती एकेक पुडकं काउंटरवर ठेवत होती. मधेच एका पुडक्यावर तिचा हात थोडा रेंगाळला. ते त्यानं पाहिलं. मॅडमनी पाहिलं नाही, त्या मोजत होत्या.

मग कारण भरायची वेळ आली. मॅडमनी विचारलं, कर्ज आधी बंद करण्याचं कारण? पडद्यावर पर्याय होते: नोकरीत बदल, मालमत्तेची विक्री, कर्जदाराचा मृत्यू, इतर. बाई म्हणाल्या, इतर. इतरमध्ये काय लिहू? "लिहा, माल नासला."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला आणि त्यांनी तसंच्या तसं टाइप केलं.

दोघं बाहेर पडले. हातात कर्ज फिटल्याचा शिक्क्याचा कागद, पिशवीत चोवीसशे. खिळेवाल्याला वाटलं होतं, आज छाती फुगेल. छातीचं काही खरं नव्हतं. तिला तो एवढंच म्हणाला, की मी तर नको म्हणत होतो. ती म्हणाली, हो, हेच तुम्ही दीड महिन्यापूर्वी फोनवर म्हणायला हवं होतं.

महिना संपला आणि गाळा गेला. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकानं घेतला. मालकानं दोन दिवस जास्त वाट पाहिली होती, हे कळल्यावर तिला आणखीच वाईट वाटलं. ती कुणाला काही बोलली नाही. बल्बखाली बसली, काळ्यावर काळा दोरा ओढत राहिली. मशीन आवाज करतं, ते बरं असतं. त्याखाली माणसाचं गप्प बसणं झाकून जातं.

पाचव्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा मशीन जागेवर नव्हतं. खिळेवाल्यानं आणि गिरणीवाल्यानं मिळून ते धूड ओढत आणून दारात, उंबऱ्याला लावून ठेवलं होतं, उजव्या हाताला आकाश येईल असं. सोफ्याची जागा त्यामुळे गेली होती. सोफे बाहेर बोळात उलटे पडले होते आणि तो त्यांच्यावर वाकला होता. गिरणीचं पीठ उडून त्याच्या केसांवर, भुवयांवर बसलं होतं. येणारे जाणारे वाट अडवली म्हणून शिव्या घालत होते, एक सायकलवाला तर मुद्दाम घंटी वाजवत उभा राहिला. पाऊस आला की काय करणार, ते त्यानं ठरवलं नव्हतं. ताडपत्री असते, असं तो सगळ्यांना सांगत होता.

तिनं पदर खोचला. मशीनवर बसली. कव्हर घेतलं, सुईपुढे धरलं, थोडं तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. मग काल शिवलेली शिवण उलटून बघितली, कात्री मागितली आणि अख्खी उसवायला बसली. वाकडी गेली होती, आता दिसत होती.

पुढच्या दोन तारखेला खिळेवाल्यानं अंगवळणी पडल्याप्रमाणे हात धुतले, बरा शर्ट घातला, बावन्नशे मोजून खिशात टाकले आणि बोळाच्या तोंडापर्यंत गेला. तिथं थांबला. वळून परत आला, शर्टाला पीठ लागू न देता उंबऱ्यापाशी आला आणि नोटा मशीनच्या पाटावर ठेवल्या.

तिनं मोजल्या. दोनदा मोजल्या, कारण आता नोटांवरचे आकडेही नीट दिसत होते.

"पिशवीतले चोवीसशे धरून ऐंशी हजाराला अजून चौदा राहिले," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी एक तारखेला. दोन तारखेला मी दंड लावते."