जपा म्हणताना

मुंगीच्या पायांत आणि पाखराच्या चोचीत वावरणाऱ्या दयाघना, तुझ्या चरणी माथा ठेवून एका साध्या बाईची कथा सांगतो. उद्यानात येणाऱ्यांना झाडापाखरांची ओळख करून देणं हे तिचं काम. सारे तिला पाखरूमावशी म्हणत.

वाणी अशी रसाळ, की सहज फिरायला आलेला माणूस तिच्याबरोबर फेरी मारून निघाला म्हणजे पायाखाली बघून चालू लागे. निरोप देताना ती हात जोडून म्हणे, जे दिसलं ते जपा. नवरा थट्टा करी, की तुझ्या नादानं लोक उद्या पालीलाही पाट मांडतील.

एके दुपारी फेरीतले एक आजोबा धापा टाकत तिच्या खोलीत शिरले. रुमालात बुलबुलाचं पिल्लू. झुडपाखाली एकटंच थरथरत होतं, आईनं टाकलं असावं, असं त्यांचं म्हणणं.

"तुम्हीच म्हणालात ना मावशी, जपा म्हणून?"

मावशीनं रुमाल उलगडून पाहिलं. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. आई जवळपास राहून भरवते. हे लेकरू टाकलेलं नव्हतं, मायेनं पळवलेलं होतं. आणि ती माया चेतवली कुणी?

जागा विचारली, तर आजोबा गोंधळले. तळ्याकाठी, नाही, बाकामागे. झुडपं सारी एकसारखी. पिल्लू घेऊन दोघं शोधत निघाली. रुमालातली धडधड मंदावतेय असं तिला वाटे. इतक्यात कुंपणाकडून चिरका, अखंड आक्रोश ऐकू आला. आईच ती! मावशीनं पिल्लू तिथल्याच फांदीआड ठेवलं. आजोबा राखणीला थांबू लागले, तशी तिनं त्यांची बाही ओढली.

"मागे या. आपण उभे असेपर्यंत ती खाली उतरायची नाही."

दोघं लांब झाडाआड उभी राहिली. वर कावळा येऊन बसला. मावशीच्या ओठांवर नाम. अखेर आई उतरली, चोचीत अळी घेऊन.

"माझ्यावर चिडली असेल का हो?" आजोबा पुटपुटले.

"तिला फुरसत कुठंय, आजोबा?"

पुढच्या फेरीत ती नुसतं "जपा" म्हणून थांबली नाही. उचलू नका, दुरून पाहा, मला बोलवा, असं ती पुन्हापुन्हा सांगत राहिली. आणि आपला कुठला शब्द कोण कसा घरी नेईल, या धास्तीनं एकेक चेहरा न्याहाळत राहिली.

देवा, तिच्या जिभेला बळ दे, जिवाला स्वस्थता दे. तिच्या घरधन्याचं हसू आणि तिच्या घराचा उंबरा सदा सुखाचा ठेव.