मोठ्या वहिनींचा डावा पाय

मालिकेच्या कॉलशीटवर माणसाचं नाव नसतं, पात्राचं असतं. उद्या कोणी किती वाजता सेटवर हजर व्हायचं, त्याचा हा रोजचा कागद. हल्ली मोबाईलवरच येतो. त्यात मी 'मोठ्या वहिनी'. दोन वर्षं तेच. 'मोठ्या वहिनी, सकाळी नऊ' एवढं बघितलं की मी गजर लावून मोकळी. त्यामुळं त्या दिवशी जे झालं त्यात चूक माझी, का कागदाची, का आणखी कोणाची, हे मला अजून धड ठरवता आलेलं नाही. लोक म्हणतात, सोडून दे. सोडते की, पण आधी झालं काय ते तरी कळू दे.

मी टीव्हीवर काम करते आणि नाच बसवते. यातलं आधी काय आणि नंतर काय, ते मात्र मला विचारू नका. कराडजवळ मलकापूरला माझा नाचाचा क्लास आहे. शाळांची गॅदरिंग, लग्नातले संगीत, हाक मारेल तिथं जाते. साताऱ्याजवळच्या एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग चालायचं, तिथं मी चार भावांच्या घरातली थोरली सून. गोष्टीत कुठं नाच आला की तोही मीच बसवायची. एका बाईत दोन कामं होतायत म्हटल्यावर मालिकावाले खूश, आणि मी तर काय, फुगलेलीच होते.

मग गॅदरिंगच्या एका तालमीत पोरींना उडी दाखवायला गेले आणि स्टेजच्या कडेवरून खाली आले. हात दाखवून अवलक्षण. डाव्या घोट्याच्या हाडाला बारीक चीर, सव्वा महिना प्लास्टर. सेटवर फोन केला तर म्हणाले, "ताई, अजिबात काळजी करू नका. मोठ्या वहिनींना माहेरी पाठवतो." आणि मीही गेले माहेरी, कुंडलला, आईकडं.

इथून घोळ सुरू झाला. टीव्हीत मोठ्या वहिनी नवऱ्याशी भांडून माहेरी, आणि इकडं मी पाय उशीवर ठेवून माहेरी. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या आणि पायाचं सोडून भलतंच विचारायच्या. "कवा जाणार गं सासरी? लय ताणू नगं." माझं लग्नच झालेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्यातल्या दोघींनी तर माझ्यासाठी स्थळं आणलेली. तरी विचारायच्या. पहिले चार दिवस मी हसले. मग एक दिवस तिडीक गेली डोक्यात आणि म्हणाले, "न्यायला आले की जाईन." म्हटलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

कारण न्यायला खरंच कोणी येईना. महिना झाला तरी फोन नाही. मी केला की उत्तर एकच, "ताई, तुमचा ट्रॅक सध्या थांबलाय." म्हणजे गोष्टीतला माझा धागा बाजूला ठेवलाय. पण थांबलाय म्हणजे किती थांबलाय? आई म्हणाली, "आगं सरळ इचार की, ठेवताय का काढताय." मला विचारवलं नाही. चाळिशीला टेकलेल्या बाईला टीव्हीत अशी दुसरी भूमिका कोण देतंय? ही गेली तर मी उरणार लग्नात नवरीच्या मावश्यांना नाचवणारी मॅडम. ते काम वाईट नाही, पण तेवढंच उरलं तर काय? विचारलं नाही तोवर भूमिका माझी होती, म्हणून नाही विचारलं.

प्लास्टर काढून आठवडा झाला आणि एका संध्याकाळी कॉलशीट आलं. 'मोठ्या वहिनी, सकाळी नऊ. लेझीमचा सीन.' त्याच्या खाली, 'कोरिओग्राफर, सकाळी नऊ.' दोन्ही मीच की. मोबाईल आईच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं, "पाय टेकतोय का नीट?" टेकतोय म्हटलं. नीट टेकत नव्हता. चालताना डावा पाय अर्धा ठोका मागं राहायचा. पण तेवढं कुणाच्या लक्षात येतंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी भावानं गाडीवर कराडला सोडलं, तिथून एसटीनं सातारा. सेटवर पोचले तशी थेट मेकअपच्या खोलीत गेले. माझी नऊवारी हँगरला होती. कपडे सांभाळणारे ड्रेसदादा माझ्या ब्लाउजला आतून टाके घालून तो लहान करत होते. मी म्हटलं, "दादा, एवढी वाळले व्हय मी?" ते म्हणाले, "बसा ताई, च्या घ्या." मी आरशासमोरच्या माझ्या खुर्चीत बसले. मेकअपवाले दादा ब्रश धूत होते. धुतलेलेच ब्रश परत धूत होते. आणि मी अशी बावळट, की त्यांनाच घाई करत होते.

तेवढ्यात एक मुलगी आली. तिशीची असेल. माझ्या पाया पडली आणि बाजूला उभी राहिली. नवीन धाकटी जाऊ दिसते, असं म्हणून मी तिला तोंडभर आशीर्वाद दिला. ती काही हलेना. मेकअपवाले दादा खाली बघत म्हणाले, "ताई, ती खुर्ची जरा…" मी उठले. ती बसली. दादांनी तिच्या केसांत कानापाशी रंगानं दोन पांढऱ्या बटा काढल्या, माझ्या काढायचे तिथंच. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

दिग्दर्शक अंगणात होता. वयानं माझ्याहून लहान, पण चांगला माणूस. मला बघून त्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही, ताई?" प्रॉडक्शनवाल्यांना वाटलेलं त्यानं सांगितलं. त्याला वाटलेलं प्रॉडक्शननं सांगितलं. चॅनलनं निर्णय घेतला आणि तिथंच त्यांचं काम संपलं. "पण लेझीम तुमच्याशिवाय कोण बसवणार?" तो म्हणाला. "पायाला ताण देऊ नका, फक्त तिला दाखवा." त्याच्यावर भडकावं असं तो काही बोलेचना, त्यामुळं मी आतल्या आत जास्तच भडकले.

बॅग उचलली आणि फाटकाकडं निघाले. फाटकाशी लेझीमसाठी बोलावलेल्या आसपासच्या गावांतल्या वीसेक बायका बसल्या होत्या, शेजारी हलगीवाले. मला बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. "आल्या गं मोठ्या वहिनी," एक म्हातारी म्हणाली, "आवं, पाय कसा हाय आता?" एवढ्या जणींना काय सांगणार, की मी मोठ्या वहिनी नाही? मी बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, "चला, रांगा करा." थांबायचं ठरवलं असं नाही, नुसती थांबले.

लेझीम आमच्याकडं शाळेतच अंगात भिनते. चार आवाजांची लेझीम म्हणजे पहिला आवाज वाकून पायाशी, दुसरा कमरेशी, तिसरा खांद्याशी, चौथ्याला मिटायची. त्या बायकांना सांगावंच लागलं नाही. नवीन मुलगी नाच शिकलेली होती, पण शहरातला, हाताबोटांचा. तिनं कधी लेझीम धरलेली नव्हती. तिला सूचना नको होत्या. ती म्हणाली, "ताई, तुम्ही फक्त करा, मी बघते." आणि बघायची म्हणजे अशी की मला अंग चोरावंसं वाटायला लागलं. तासाभरात तिनं माझं वाकणं उचललं, मान उचलली, पदर खोचायची माझी पद्धत उचलली.

आणि माझं लंगडणंही उचललं. चौथ्या का पाचव्या फेरीला माझ्या लक्षात आलं. डावा पाय अर्धा ठोका मागं. तिला वाटलं, मोठ्या वहिनींची लेझीम अशीच असते. दिग्दर्शक मॉनिटरवरून म्हणाला, "ती जड चाल छान आहे, तशीच ठेवा." त्या म्हातारीनं मात्र माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "आवं, त्या बाईचा पाय मागं पडतोय की." मी म्हटलं, "राहू द्या."

का म्हटलं ते लपवत नाही. सातारा-सांगलीत शाळेतलं पोरही चुकलेली लेझीम ओळखतं. मागं वीस बायका ठोक्यावर आणि पुढं नवी मोठी वहिनी फरफटतेय, हे घराघरांत दिसलं असतं. लोक हसले असते. हिला जमत नाही, पहिलीला आणा, म्हणाले असते. मला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसण्यानं माझं भलं होणार होतं.

टेक सुरू झाला. हलगी कडाडली. मी मॉनिटरपाशी उभी होते. माझी नऊवारी, माझ्या पांढऱ्या बटा आणि माझाच दुखरा पाय, आणि त्यात मी नव्हते. मी ओरडले, "थांबवा."

सेटवर थांबवायचा अधिकार दिग्दर्शकाचा. हलगीवाले माझ्याकडं बघत राहिले. मी गेले, खाली बसले, तिची डावी टाच हातात धरली आणि जमिनीवर टेकवली. "हा पाय माझा दुखतोय," मी म्हटलं, "तुझा चांगला हाय. ठोक्यावर टाक." ती लालबुंद झाली. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, चाललं असतं." मी म्हटलं, "मी बसवलेल्या लेझमीत न्हाई चालत."

दुसऱ्या टेकला ती अशी खेळली की बायकांनी खेळ संपल्यावर तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मनानं थांबवलं, असं म्हणवून घ्यायला बरं वाटलं असतं, पण तसं नाही. ती पोरगी मला तेव्हा आवडली नव्हती, अजून आवडत नाही. नाच बसवणारी बाई माझ्यातल्या नटीला त्या दिवशी भारी पडली, का माझं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर बघवेना, का नुसताच संताप होता, काही समजत नाही. रोज वेगळं वाटतं.

तो भाग लागला तेव्हा मी कुंडललाच होते. आई आणि मी दोघीच टीव्हीसमोर. खाली पट्टी आली, मोठ्या वहिनींच्या भूमिकेत आता अमुक अमुक. आईनं ती ओठ हलवत वाचली. लेझीम सुरू झाली, संपली. ती पोरगी एकदाही चुकली नाही.

"तुज्यापरीस बरी खेळली," आई म्हणाली.

"मीच शिकवलीय."

"ते दिसतंय की." तिनं टीव्ही बंद केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "येवढं चांगलं शिकवलंस, तर आता तुला माघारी कशाला बोलवत्याल?"

ती ताटं घ्यायला आत गेली. टाच धरून खाली बसले होते, तेव्हा हे मला कळलेलं होतं की नव्हतं, तेच मला आठवत नाही.