येथे लोक हसतात

मावशीला मिशा होत्या, आणि त्या चांगल्या पीळ दिलेल्या होत्या. कुंडलकडच्या एका तमाशाच्या फडात तो गवळणीतली मावशी व्हायचा. धोतराचा सोगा डोक्यावर घेतला की झाली मावशी. मिशा काढायची त्याला कधी गरज वाटली नाही. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागे. सोगा तो तमाशाबाहेरही घ्यायचा. मामलेदार, फौजदार, कुणीही मोठा माणूस दिसला की पदर पुढे ओढून अंग चोरायचा. "मोठ्या मानसाम्होरं बाईमानसानं बोडक्यानं हुबं ऱ्हाऊ न्हाई," म्हणायचा. हा मान आहे की चेष्टा, हे मोठ्या माणसाला ठरवता येत नसे, आणि ते ठरेपर्यंत मावशी निघून गेलेली असे.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. नव्या सरकारने कलावंतांच्या मदतीसाठी सांगलीत हळदीच्या वखारीच्या माडीवर एक कचेरी उघडली आणि साताऱ्याहून मला तिथे कारकून म्हणून धाडलं. कलेशी माझा संबंध शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडद्याची दोरी ओढण्यापुरता. तीही मी भलत्या वेळी ओढली होती. आमच्या मदतीची पद्धत सोपी होती. आधी सगळ्या फडांचे खेळ बंद करायचे, मग अर्ज आल्यास परवाना देऊन उत्तेजन द्यायचं. परवान्यासाठी खेळाची संपूर्ण संहिता हवी, तीन प्रतींत.

मावशी अर्ज घेऊन आला आणि माझ्यापुढे उकिडवा बसला. चैत्र तोंडावर होता. जत्रांचे दोन महिने हातचे गेले तर फडातली चौदा माणसं पोटामागे पांगणार, आणि पांगलेला फड पुन्हा जमत नाही, एवढंच त्याने सांगितलं. मी त्याच्याकडे संहिता मागितली.

"संहिता कोन? आमच्या फडात त्या नावाची बाई न्हाई."

तुम्ही जे बोलता ते लिहून हवं, असं मी समजावलं. तो खरोखर विचारात पडला. "आवं भाचेराव, समोरचं मानूस बघितल्याबिगर काय बोलायचं ते कसं कळंल?" सगळं जगच त्याचं भाचं होतं, मी सरकारी म्हणून मला 'राव' मिळालं होतं.

शेवटी मी शहाणपणा केला. तुम्ही बोला, मी लिहितो, म्हणालो. तीन दिवस तो बोलत होता आणि मी हसत लिहीत होतो. एखादं वाक्य पुन्हा विचारलं की दुसरंच सांगायचा. सरकारदरबारी जायचं म्हणून भाषाही मी धुऊन घेतली. 'लय द्वाड हाईस गड्या'चं 'तू फारच खट्याळ आहेस, मित्रा' केलं. आणि जिथे जिथे मला हसू आलं होतं, तिथे तिथे कंसात प्रामाणिकपणे लिहिलं : 'येथे लोक हसतात.' अशा एकोणीस जागा निघाल्या.

आमच्या कचेरीच्या साहेबांनी संहिता वाचली, एकोणीसही जागी न हसता. समासात एकच शेरा मारला : 'गौळणी दूध मथुरेस नेतात. त्यांचेकडे वाहतुकीचा परवाना आहे काय?' मी 'देवकार्य' असं लिहून ते निभावलं. संहिता मंजूर झाली. मात्र एक खेळ साहेबांसमोर, मंजूर प्रतीबरहुकूम व्हायचा होता, आणि त्यावर मी अहवाल द्यायचा होता.

जत्रेत देवळापुढे दिवसा जो खेळ होतो त्याला हजेरी म्हणतात. तिथेच तपासणी ठरली. साहेब खुर्चीवर, मांडीवर प्रत, हातात लाल पेन्सिल. मावशीने सोगा घेतला आणि माझं मराठी बोलायला सुरुवात केली. "हे कृष्णा, आमचा मार्ग कशास्तव अडवितोस?" माणसं एकमेकांकडे बघू लागली. मावशीला ताप-बीप आलाय का, असं एका म्हाताऱ्याने काळजीने विचारलं. हसायची पहिली जागा आली आणि गेली. दुसरीही गेली. साहेब माझ्याकडे झुकून म्हणाले, "येथे लोक हसतात असं लिहिलंय. हसत नाहीत." जणू लोकांनीच नियम मोडला होता. तिसऱ्या जागी त्यांनी हात वर करून खेळ थांबवला आणि मावशीलाच खुलासा विचारला.

मावशीने पदर पुढे ओढला, अंग चोरलं आणि लोकांकडे वळून म्हणाला, "का रं भाच्यांनो, हसा की. मंजुरी आलीया."

जत्रा फुटली. म्हातारे गुडघ्यांत डोकं घालून हसले. मग प्रत कुठे आणि मावशी कुठे! तासभर ती साहेबांच्या खुर्चीभोवती लाजत मुरडत होती, आणि मीही साहेबांच्या मागे उभा राहून डोळे पुसत होतो.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा खोटं लिहायचं धाडस नव्हतं आणि खरं लपवायची अक्कल नव्हती. लोक हसले हे नोंदवलं की परवाना मिळालाच, असं मी धरून चाललो. लिहिलं : 'लोक मनापासून हसले, मात्र मंजूर नसलेल्या वाक्यांवर.' साहेबांनी 'मात्र'पासून पुढचं तेवढं ध्यानात घेतलं. परवाना नाकारला गेला, माझंच वाक्य पत्रात उतरवून.

पत्र पोचवायला मीच गेलो. टपालाने धाडायची लाज वाटली. मावशी पडवीत ढोलकीच्या वाद्या आवळत बसला होता. निम्मी माणसं तोवर गेलीच होती. त्याने पत्र वाचायला सांगितलं. मी खाली मान घालून वाचत सुटलो, तोच त्याने हात धरला.

"थांबा भाचेराव. त्ये हसल्याचं पुन्यांदा वाचा."

मी वाचलं. 'लोक मनापासून हसले.'

"तीस वरसं हसवतोय," तो म्हणाला, "पर लोक हसले म्हून आजवर कुनी लिवून दिलं न्हवतं. शिक्का बी हाय न्हवं?"

होता. त्याने कागद घेतला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि बायकोला हाक मारून दाखवला.

फड काही पुन्हा जमला नाही. पुढे नोकरीत मी शेकड्यांनी अहवाल लिहिले. त्यातलं वाक्य परत वाचा म्हणणारा माणूस मला एकच भेटला, आणि माझ्या त्या वाक्याने त्याचाच फड मोडला होता.