माझ्या पावलांवरचं गोमूत्र

माझा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता, आणि वामनरावांची बायको माझ्या चपला शोधत होती. गमबूट चढवताना मी त्या गोठ्याच्या दाराशी काढून ठेवल्या होत्या. मला वाटलं, बाई उन्हातून उचलून सावलीत ठेवत असेल. किती भाबडं असावं माणसानं! तिनं काडीनं ढकलत ढकलत त्या फाटकाबाहेर नेऊन टाकल्या. आधी एक. मग दुसरी.

गाव चामोर्शीकडचं, धानाचं. वामनराव तिथले जुने मालगुजार. मालगुजारी कधीच गेली, ऐट तेवढी राहिली. मी सरकारी दवाखान्यातली गुरांची डॉक्टर. त्यात बाई. त्यात बौद्ध. गुरांची डॉक्टर त्यांनी चालवून घेतली, बाईही कशीबशी गिळली. तिसरा घास मात्र घशातच अडकला.

पण गाय अडली की कोणाला बोलावणार? दुसरा डॉक्टर तालुक्याला. त्यांची कपिला गाभडली होती. दिवस भरत आलेले, वासरू मेलेलंच पडलं, वार आत अडकून राहिलेली. मी हातमोजे घातले, मास्क लावला, जमेल तेवढी वार काढली, औषध दिलं. रक्ताचा नमुना घेतला, कारण शेवटच्या महिन्यांत गाय अशी गाभडली की आमच्या मनात पहिली शंका एका जंतूची येते. मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरायला सांगितलं. हात धुतले आणि निघाले.

मागे पच्च असा आवाज झाला.

वळून पाहिलं तर वामनरावांची बायको, मालतीबाई. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात आंब्याचा टहाळा. माझं पाऊल जिथं पडलं होतं, नेमकं तिथं शिंपडणं चाललं होतं.

"काय करून राह्यल्या, बाई?"

"काही नाई जी. आमची रीत आहे."

"काय आहे तांब्यात?"

"गोमूत्र. कपिलेचंच."

आता तुम्हीच सांगा, असा तमाशा तिकीट काढून तरी बघायला मिळेल का? ज्या गाईच्या आत मी खांद्यापर्यंत गेले होते, तिच्याच मुतानं माझ्या पायाखालची जमीन शुद्ध होत होती. माझ्या हातानं गाय बाटली नाही, पायानं अंगण बाटलं. हात आत चालतो. पाय बाहेर चालत नाही. या शास्त्राचा अभ्यासक्रम कुठं मिळतो, मला अजून कळलेलं नाही.

मी फाटकाकडे सरळ गेले नाही. डावीकडे वळले. मालतीबाई शिंपडत डावीकडे. मी उजवीकडे. त्याही उजवीकडे. मी धानाच्या तणशीच्या ढिगाला पूर्ण फेरी घातली, बैलगाडीच्या चाकाशी थांबले, मागे दोन पावलं आले. त्या बिचाऱ्या पदर सावरत, धापा टाकत मागे. शेवटी तांब्या संपला आणि मी अजून अंगणाच्या मधोमध उभी होते.

स्वयंपाकघराच्या दारातून खुदकन हसू आलं. त्यांची सून. वैशाली. पहिलटकरीण, पोट चांगलं दिसत होतं, चेहरा मात्र उतरलेला.

"तू काऊन दात काढून राह्यली?" मालतीबाई तिच्यावर उसळल्या. "सकाळचं घेतलं का तू?"

पोरीचं हसू विझलं. तिनं ओट्यावरची वाटी उचलली, नाक दाबलं आणि पिऊन टाकलं. मी विचारलं काय ते. विचारायची गरज नव्हती, वास आला होता.

"पहिलटकरणीले देतेत," मालतीबाई म्हणाल्या. "लेकरू गोरंपान होते."

"या गाईचं देऊ नका, बाई. ती गाभडली आहे. निकाल येईपर्यंत तरी नको. दूधही उकळल्याशिवाय नको."

"गोमूत्रानं कोणाचं वाईट झालं का आतापर्यंत? रोग नेते ते, आणत नाई."

फाटकाबाहेर चपला उलट्यासुलट्या पडल्या होत्या. त्या घातल्या. स्कूटर सुरू केली. तणशीच्या ढिगाभोवती काढलेली ती फेरी आठवून हसत होते, आणि गाव मागे पडल्यावर लक्षात आलं की आपण दात इतके घट्ट आवळलेत की जबडा दुखतो आहे. नाचवलं मी तिला, खरंय. पण नाचले तर मीही.

माझी आई पोंभुर्ण्याकडे लोकांच्या बांधीत रोवण्याला जायची. दिवसभर चिखलात वाकून तिनं लावलेलं धान त्यांच्या देवाला नैवेद्याला चालायचं. ती घरामागून पाणी मागायला गेली की मात्र ती गेल्यावर तिथं शिंपडायचे. मी चिडले की म्हणायची, "जाऊ दे नं माय. आपल्याले काय भोक पडते का त्यानं?" भोक पडत होतं. ती दाखवत नव्हती. मी शिकले, डॉक्टर झाले, तरी त्या दिवशी मालतीबाईंना मीही काहीच बोलले नव्हते. चालण्याची गंमत केली, एवढंच. माय, तुझीच लेक.

प्रयोगशाळेचा निकाल आला. कपिलेला ब्रुसेला. हा जंतू दुधातून जातो, वारेतून, गर्भपाताच्या पाण्यातून आणि मुतातूनही. माणसाला लागला की संध्याकाळी ताप चढतो, घाम फुटतो, सांधे धरतात. पोटुशीचं मूलही जाऊ शकतं.

मी तशीच निघाले. कोणी बोलावलेलं नव्हतं.

वामनरावांच्या अंगणात त्या दिवशी शिबिर होतं. मांडव, सतरंजी, आजूबाजूच्या गावांतले पाहुणे, आणि टेबलावर गोमूत्र अर्काच्या बाटल्या. मधुमेहाला तीच, मूळव्याधीला तीच, कॅन्सरलाही तीच. वामनरावांच्या स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हा ते गाडी करून नागपूरला गेले होते. तिथं छातीत स्प्रिंग बसवून घेतली. अर्काची बाटली म्हणे उशाशी होती. गुण तिचाच आला.

मी बाजूला बोलावलं. ते आले नाहीत. "इथीच बोला नं मॅडम. आपल्याइथी लपवालपवी नाई."

म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. गाईला आजार आहे. तो मुतातून, कच्च्या दुधातून माणसाला लागू शकतो. सुनेला देणं आजच बंद करा, तिचं रक्त तपासा.

मांडवात कुजबुज झाली. एका पाहुण्यानं हातातली बाटली हळूच सतरंजीवर ठेवली. वामनरावांनी ते पाहिलं, आणि ते मॅडमवरून एकदम तूवर आले.

"मातेले रोग सांगून राह्यली तू? तुमच्या लोकाईले गाईचं काय कळते? तुमी तं खाणारे."

"भाऊ, कोण काय खाते तो प्रश्न नाई. तुमची सून काय पिते तो आहे."

"गाय काऊन गाभडली ते सांगू का सगळ्याईले? तुझा हात लागला म्हणून!"

मी कपिलेला हात लावला तो वासरू पडल्यानंतर. मला बोलावलं तेच त्यासाठी. आगीनंतर आलेल्या बंबावर आग लावल्याचा आळ! पण मांडवातल्या माना हलल्या. हे असंच असतं. पुरावा मी बॅगेत आणला होता आणि निकाल त्यांच्या तोंडी आधीच तयार होता.

"मालती, तांब्या आण," ते म्हणाले. "अंगावर शिंपड हिच्या. डोक्यापासून. मग बोलू दे हिले काय बोलाचं ते."

मालतीबाई आल्या. या वेळी मागून नाही. समोरून.

मी बॅग उघडली. लांब हातमोजे काढले, खांद्यापर्यंतचे, गाईसाठी वापरतो ते. एक चढवला. सावकाश. दुसरा चढवला. मास्क लावला. मी पुढे झाले आणि मालतीबाईंच्या हातातून तो तांब्या दोन बोटांनी काढून घेतला, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा. पहिल्या रांगेतले लोक सतरंजीसकट मागे सरकले. माझ्यापासून नव्हे, तांब्यापासून. तो मी गोठ्याच्या भिंतीशी ठेवला आणि वर टोपली पालथी घातली.

"माझ्या अंगावर एक थेंब पडणार नाई," मी म्हटलं. "आज नाई, पुढं नाई. माझ्या आईच्या पावलांवर पडले ते शेवटचे."

वामनराव बदलीच्या धमक्या देत होते. आमदारांचं नाव घेत होते. मला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. मी दारात उभ्या वैशालीकडे पाहत होते.

"ताई, ताप येतो का?"

तिनं सासूकडे पाहिलं. सासऱ्याकडे पाहिलं.

"संध्याकाळी येते," ती म्हणाली. "रोज. सांगितलं होतं मी. आई म्हणल्या, आणखी एक वाटी घे."

"चल माझ्यासोबत. तालुक्याच्या दवाखान्यात, बायांच्या डॉक्टरकडे."

"पाय बाहेर टाकशील तं परत येऊ नको!" मालतीबाई ओरडल्या.

पोरगी घरात गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली तेव्हा पायात चपला होत्या आणि हातात फोन. नवऱ्याला, चंद्रपूरला, उभ्या उभ्याच सांगत होती, "मी मॅडमसोबत तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन राह्यली. तुमी तिथीच या." माझ्या मागे स्कूटरवर बसली. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हा माझा खांदा तिनं इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

रक्तात तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. ताप उतरला. मूल राहिलं नाही.

तिथल्या डॉक्टर बाईंना मी विचारलं, यामुळेच का? त्या म्हणाल्या, शक्यता मोठी आहे, पण छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि जंतू मुतातून आला, कच्च्या दुधातून आला की गोठा झाडताना आला, तेही नाही. विज्ञान असंच बोलतं. जेवढं कळलं तेवढंच सांगतं. वामनरावांना असली अडचण नाही. त्यांना नक्की माहीत आहे. डॉक्टरणीची सावली पडली, म्हणून लेकरू गेलं. गावात तेच चालतं. माझ्याविरुद्ध तक्रारही गेली आहे. कपिलेचं गोमूत्र मात्र अजून वाटलं जातं.

वैशाली नवऱ्यासोबत चंद्रपूरला राहते. मी भेटायला गेले तेव्हा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, मले पहिल्याच दिवशी वास आला होता. मी काऊन पिली?"

मी तिला समजावलं नाही. असल्या प्रश्नाचं सांत्वन करायचं नसतं. तो धारदार राहू द्यायचा असतो.

आता मी कोणाच्या अंगणात जाण्याआधी फाटकातच विचारते, "माझ्या मागं शिंपडणार का?" हो म्हटलं, किंवा नुसतं खाली पाहिलं, की म्हणते, गाय दवाखान्यात आणा, तिथं खोडा आहे, गाय तिथं बांधू. तपासेन, औषध देईन, जीव वाचवेन. गाईचं त्यात काय चुकलं? पण तुमच्या उंबऱ्याशी मान खाली घालून येणार नाही.

आणि आठवडी बाजारात, भाजीवाल्या बायांच्या रांगेत उभी राहून, बदली होईपर्यंत आणि बदली होईल त्या गावातही, मी खणखणीत आवाजात सांगत राहणार आहे: बायांनो, हे पिऊ नका. सासूनं दिलं तरी पिऊ नका. देवाच्या नावानं दिलं तरी पिऊ नका. वाटी हातात दिली तर तिथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर, ओतून टाका.