पाच मिनिटांची मावशी

महिला प्रशिक्षण केंद्राच्या दारावर भला मोठा फलक होता: ‘एक स्त्री शिकली की सगळं घर उभं राहतं.’ तो ओल्या फडक्याने पुसायचं काम मावशीकडे होतं. पुसताना ती दर वेळी मनात म्हणायची, मग त्या घरातली पोरं तोवर कोण सांभाळतं, तेही लिहा की खाली!

खरं तर चार वर्षांपूर्वी ती तिथे शिकायला आली होती. इस्त्री, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा वर्ग. पास होणाऱ्या बाईला कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नोकरी पक्की. मावशीला त्या नोकरीतली एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे खुर्ची. लोकांचे जिने पुसून पुसून तिचे गुडघे कामातून गेले होते. पण दुसऱ्याच दिवशी वर्गात शेजारी बसलेल्या बाईचं तान्हं रडायला लागलं. ‘‘मावशी, जरा बघता का? पाचच मिनिटं.’’ मावशी त्याला घेऊन व्हरांड्यात गेली. ती पाच मिनिटं चार वर्षं चालली.

एकीचं सांभाळलं म्हणून दुसरीने आणलं, दुसरीचं बघून तिसरीने. वर्ग राहिला बाजूला, हातात झाडू तेवढा आला, कारण केंद्र चालवणाऱ्या मॅडमना वाटलं, मावशी इथे असतातच तर झाडलोटही करतील. दर वर्षीच्या कार्यक्रमात मॅडम तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायच्या. ‘‘मावशी म्हणजे आमच्या केंद्राचा कणा!’’ टाळ्या व्हायच्या. तीन तुकड्या शिकून नोकरीला लागल्या आणि त्यातली एकही पुन्हा व्हरांड्याकडे फिरकली नाही. गरज सरो, वैद्य मरो. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते हेच.

व्हरांड्यात बसून मावशी शिकली मात्र सगळं. दार उघडंच असायचं. पोरांना झोपवताना ती म्हणायची, ‘‘लाल वायर करंटची, काळी परतीची, हिरवी जमिनीची.’’ त्या पोरांना अक्षरं यायच्या आधी वायरींचे रंग पाठ झाले.

यंदा तिने अर्ज भरला. वयाची अट पंचेचाळीसची होती आणि तिच्याकडे दोन महिने उरले होते. सोबत सुनेचाही अर्ज भरला; सुनेचं पोरही मग व्हरांड्यात आलं.

‘‘अहो मावशी, तुम्ही वर्गात बसलात तर मुलांचं काय?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘त्यांना आया आहेत. पाळीपाळीने बघतील.’’

फळ्यावर पाळ्यांची यादी लागली. पण पाळी आली की एकीचं डोकं दुखायचं, दुसरीला नेमका तोच धडा महत्त्वाचा वाटायचा आणि उठायची शेवटी मावशीच. घरी जाताना स्वतःवरच करवादायची, ‘जीभ कुठे गहाण ठेवली होतीस गं बाई?’ निम्मा वर्ग तिने दारात उभं राहून, कडेवर कोणाचं तरी पोर घेऊन पुरा केला.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी जय्यत तयारी केली. टेबलं पुसून घेतली, पाण्याच्या बाटल्या मांडल्या, परीक्षकांसाठी गुच्छ आणला. मुलांची व्यवस्था तेवढी राहिली. ती कधी करावीच लागली नव्हती ना! ऐन वेळी शिपायाला व्हरांड्यात बसवलं.

प्रत्येकीपुढे एक बंद पडलेली इस्त्री. तासाभरात चालू करायची. ‘‘जागा सोडली की परीक्षा संपली,’’ परीक्षकांनी बजावलं. मावशीने खुर्ची पुढे ओढली, इस्त्री उघडली, करंट तपासायचा दिवा लावून पाहिला. वायर मधेच तुटली होती. तिला बरं वाटलं. हे तिला झोपेतही जमलं असतं.

तेवढ्यात शिपाई दारात आला. गळकी बादली धरावी तसा त्याने मावशीचा नातू अंगापासून लांब धरला होता. पोराने टाहो फोडला होता. ‘‘हा काही माझ्याकडे थांबत नाही बुवा.’’

वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. सुनेकडे नाही, मावशीकडे.

मॅडम तिच्या टेबलाशी वाकल्या. ‘‘मावशी, सून तरुण आहे. तिला नोकरी लागली काय नि तुम्हाला लागली काय, घर एकच ना? तुम्ही पुढच्या वेळी...’’

‘‘पुढच्या वेळी मी अटीत बसत नाही.’’

सुनेने पेचकस खाली ठेवला. ‘‘आई, मी जाते.’’

‘‘खाली बस!’’ मावशी इतक्या जोरात म्हणाली की परीक्षकांनीही मान वर केली. नातवाच्या रडण्याने तिचं काळीज तुटत होतं आणि तुटतंय याचाच तिला संताप येत होता. चार वर्षं ह्याच काळजाने तिला बुडवलं होतं. तिने वायरीचं टोक सोललं.

कोणीच उठेना, तेव्हा शिपायाने ते पोर सरळ मॅडमच्या हातात दिलं आणि तो मोकळा झाला. पोराने मॅडमच्या इस्त्रीच्या साडीला नाक पुसलं.

‘‘अहो मावशी, मला सवय नाही हो! मला पाहुण्यांना फोन करायचेत, केवढी कामं पडलीयत. हा माझ्याकडे राहायचा नाही.’’

‘‘राहील,’’ मावशी स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता म्हणाली. ‘‘जरा बघा. पाचच मिनिटं.’’