सुद्याचं बेसबॉल आणि अण्णांचं अंगण

सुद्याचे किस्से कोणी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. संध्याकाळी भाट्याच्या पुलाजवळच्या टपरीवर आम्ही जुने टीमवाले जमतो. कोणीतरी विचारतं, "गेला का रे सुद्या?" आणि मग चहाचा दुसरा राउंड सांगावाच लागतो. परवाच तो सीझनसाठी पुन्हा दुबईला गेला, त्यामुळे सगळे किस्से पुन्हा निघाले.

सुद्या म्हणजे रत्नागिरीतला एकमेव प्रोफेशनल बेसबॉल खेळाडू. एकमेव असल्यामुळे जिल्ह्यातला सगळ्यात चांगलाही तोच आणि सगळ्यात वाईटही तोच. आखातातल्या एका लीगमध्ये तो पगार घेऊन खेळतो. गावातल्या निम्म्या लोकांना हे खरं वाटत नाही आणि उरलेल्यांना ते क्रिकेट वाटतं.

*

बेसबॉल आमच्याकडे आलं ते सर्टिफिकेटसाठी. क्रिकेटमध्ये स्टेटला जायचं तर घरच्यांनी देव पाण्यात घालून बसावं लागतं. बेसबॉलला जिल्ह्यात समोर दुसरी टीमच नसायची. आमच्या पीटीच्या सरांनी हे बरोबर हेरलं.

पहिल्याच दिवशी सरांनी भाषण केलं, "एकदा स्टेट खेळा, स्पोर्ट्स कोट्यातून कुठेतरी चिकटा, मग जन्मात बॅटला हात लावू नका."

आम्ही सरांचा शब्द पाळला. मी कॅचर होतो, आता सरकारी ऑफिसात इनवर्डला बसतो. आमचा कॅप्टन दुसऱ्या ऑफिसात आउटवर्डला बसतो. एकट्या सुद्याला खेळ आवडला आणि तो खेळतच राहिला.

सर अजून हळहळतात. म्हणतात, "एवढी पोरं मार्गी लावली, एकच वाया गेला."

*

शाळेचं ग्राउंड म्हणजे निव्वळ कातळ. बेसबॉलमध्ये बेस गाठताना शेवटी अंग टाकून घसरत जायचं असतं, त्याला स्लाइड म्हणतात. बाकी जगात त्यासाठी खाली माती असते. आमच्याकडे जांभा.

सर पुस्तकात बघून शिकवायचे. सुद्या धावत आला तसे सर ओरडले, "स्लाइड कर, स्लाइड!" सुद्या बेसच्या अलीकडे कचकन थांबला.

"सर, एकदा तुम्ही दाखवा ना."

सरांनी दाखवलं. त्यानंतर पंधरवडाभर सरांनी सगळे तास उभ्याने घेतले आणि स्लाइड आमच्या अभ्यासक्रमातून निघाली. स्टेटला आम्ही झाडून सगळे उभ्या उभ्या आउट झालो. पण परत येताना आमच्याइतक्या स्वच्छ पँटी कोणत्याच टीमच्या नव्हत्या.

*

आता अण्णा. अण्णा म्हणजे सुद्याचे वडील. जन्मभर बोटीवर नोकरी केली, वर्षातले दहा महिने समुद्रात. आम्ही चौथी-पाचवीत असताना कायमचे घरी आले आणि आमच्या क्रिकेटची वाट लागली. कारण त्यांचं अंगण ग्राउंडला लागूनच होतं, बॅटिंग करणाऱ्याच्या डाव्या हाताला. तिकडे गेलेला बॉल परत यायचा नाही.

अण्णा कधी ओरडले नाहीत, की कोणाच्या अंगावर धावून आले नाहीत. बॉल उचलायचे आणि पडवीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. आम्ही अंगणाच्या दगडी गडग्याशी जाऊन तोंड वेंगाडून उभे राहिलो की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं.

"जा, बापाला घेऊन ये."

आणायचा कुठून? कोणाचा बाप मुंबईत, कोणाचा बोटीवर. आम्ही आपले गुमान नवा बॉल आणायचो.

सुद्याची तर कमालच. घरात बॉलनी भरलेला डबा आणि हा मेला आमच्याकडे बॉल मागत फिरायचा. डब्याला हात लावायची त्याची टाप नव्हती. शेवटी तो एक गोष्ट शिकला. काहीही होवो, बॉल डावीकडे मारायचा नाही. दुबईच्या कोचने म्हणे त्याचे जुने व्हिडिओ काढून तपासले आणि विचारलं, "याला डाव्या बाजूचं काही दुखणं आहे का?"

*

लीगमध्ये निवड झाली तेव्हा सुद्याचा जाहीर सत्कार झाला. चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. चेहरा सुद्याचा, हातात क्रिकेटची बॅट आणि पायाला पॅड. फ्लेक्सवाला म्हणाला, "पॅड माझ्यातर्फे."

शाल झाली, श्रीफळ झालं. अध्यक्षस्थानी आमच्या वॉर्डातले एक पुढारी होते, ते माइकला चिकटले. "आपल्या सुदेशने परदेशात भरपूर विकेट काढाव्यात आणि रत्नागिरीचं नाव उज्ज्वल करावं."

सुद्या वाकून हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या खेळात विकेट नसते."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवरूनच सांगितलं, "नसेल तर काळजी करू नकोस. पुढच्या फंडातून देऊ."

टाळ्या तर अशा पडल्या की सुद्याला आभाराचं भाषण करावं लागलं. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांनी मात्र टाळी वाजवली नाही. मला म्हणाले, "परमनंट आहे का विचार त्याला."

*

परमनंट. अण्णांचा सगळा जीव या एका शब्दात अडकलेला. लीगचं कॉन्ट्रॅक्ट एका सीझनचं. पुढच्या वर्षी बोलावतील, न बोलावतील. सुद्याचं म्हणणं एवढंच, की अण्णांनी एकदा येऊन खेळ बघावा आणि मग काय ते बोलावं. त्याने अण्णांकडे उभ्या जन्मात दुसरं काही मागितलं नसेल. अण्णांचं म्हणणं, "आधी परमनंट हो, मग बघतो."

अशात गणपतीपुळ्याकडचं एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांची हापूसची बाग, शिवाय लॉज. बघण्याच्या कार्यक्रमाला मीही गेलो होतो. पोहे झाल्यावर त्यांनी चौकशी सुरू केली.

"काम वर्षातून किती महिने?"

"दोन-अडीच," सुद्या म्हणाला.

"आणि बाकीचे महिने?"

"तयारी."

"म्हणजे बसूनच की."

सुद्याने शांतपणे विचारलं, "तुमचा हापूस वर्षातून किती महिने असतो?"

ते गृहस्थ तापले. मोहोर, फवारणी, राखण, काय काय कष्ट असतात ते त्यांनी यादीच करून सांगितलं. सुद्या सगळं ऐकून म्हणाला, "माझंही तसंच. फक्त मला माकडं हाकावी लागत नाहीत."

चहा न येताच आम्ही उठलो. मध्यस्थाकडून मागून निरोप आला, "मुलगा हुशार आहे. परमनंट झाला की कळवा." अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

*

आणि मग सुद्याची कोट्यातली नोकरी आली! सुद्या दुबईत, सीझन मध्यावर आणि इकडे महिनाअखेर हजर व्हा म्हणून ऑर्डर. क्लार्कची जागा, पेन्शनसकट. फोनवर सुद्याने सांगितलं, "अण्णा, मी नाही येत."

अण्णांनी फोन ठेवला आणि मला बोलावून घेतलं. "चल माझ्याबरोबर. कान धरून आणतो त्याला."

अण्णांनी दुबई पाहिली होती ती बोटीच्या कठड्यावरून. आता ते स्टेडियममध्ये बसले, मांडीवर रेक्झिनची पिशवी, पिशवीत नोकरीची ऑर्डर आणि फणसपोळी. आमच्या सीट बॅटिंग करणाऱ्याच्या डाव्या हाताला, पार लांब, हद्दीच्या पलीकडे. मी म्हटलं, "अण्णा, इथे निवांत बसा. सुद्याचा बॉल इकडे कधीच येत नाही."

सुद्या पहिल्यांदा बॅटिंगला आला, तीन बॉल हुकले, परत गेला. दुसऱ्यांदाही तेच. अण्णा फणसपोळी चावत म्हणाले, "एवढ्यासाठी पेन्शन सोडतोय हा?" खरं सांगायचं तर माझंही तेच मत होत चाललं होतं.

तिसऱ्यांदा त्याने बॅट अशी फिरवली की आवाज आमच्यापर्यंत आला. बॉल वर गेला आणि मग मोठा मोठा होत सरळ आमच्याकडे यायला लागला. मी इनवर्डचा माणूस, मी खुर्चीखाली गेलो. अण्णा उठले आणि धक्क्यावरून फेकलेला दोर झेलावा तसा दोन्ही हातांनी त्यांनी तो झेलला.

होमरन, म्हणजे आपल्याकडची सिक्स. सुद्याच्या लीगमधल्या करिअरचा पहिला. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. अण्णा खाली बसले, बॉल उलटसुलट करून त्याची लाल शिवण बघितली आणि पिशवीत टाकून चेन ओढली.

पाच मिनिटांत स्टेडियमचा माणूस आला, केरळचा होता. हिंदीत अजिजीने म्हणाला, "अंकल, त्या खेळाडूचा हा पहिला होमरन आहे. पहिला बॉल आम्ही खेळाडूला परत देतो, तशी पद्धत आहे. बदल्यात सही केलेली बॅट घ्या."

अण्णा म्हणाले, "माझ्याकडे आलेला बॉल मी परत देत नाही."

मग त्याचा साहेब आला. त्याने टी-शर्ट देऊ केला, टोपी देऊ केली, खेळाडूंबरोबर जेवण देऊ केलं. मी हळूच म्हटलं, "सांगा ना त्यांना, तुम्ही त्याचे कोण ते." अण्णांनी मला गप्प बसवलं आणि साहेबाला म्हणाले, "ज्याला पाहिजे त्याला पाठवा."

मॅच संपली, माणसं पांगली. सुद्या पायऱ्या चढून वर आला. टोपी हातात, पँट मांडीपर्यंत मातीने भरलेली. अण्णांच्या खालच्या पायरीवर तो उभा राहिला, आम्ही गडग्याशी उभे राहायचो अगदी तसा.

"अण्णा," तो म्हणाला, "बॉल द्या ना."

अण्णांनी पिशवी छातीशी धरली. त्याच्याकडे टोपीपासून मळक्या पँटीपर्यंत नीट बघून घेतलं.

"जा," ते म्हणाले, "बापाला घेऊन ये."